ब्रायटनमध्ये वाचलेला बहात्तरचा दुष्काळ

आमच्या संस्थेचा पाहणी फॉर्म नऊ पानांचा होता. छप्पर कशाचं, चूल की गॅस, शेळ्या किती, कर्ज कुणाकडून, आठवड्यात डाळ किती वेळा शिजते. पाणलोटाचं काम सुरू व्हायच्या आधी घरोघर बसून तो भरून घ्यायचा आणि तीन वर्षांनी काम संपलं की त्याच घरांत पुन्हा जाऊन बसायचं. दोन फॉर्ममधला फरक म्हणजे विकास. तो तक्त्यात मांडून निधी देणाऱ्यांकडे पाठवला की पुढचा हप्ता यायचा. पाच वर्षं मी हेच करत होते, उस्मानाबाद जिल्ह्यातल्या भूम आणि कळंब तालुक्यांत.

भूमकडच्या एका वस्तीवर एका म्हातारीने नऊच्या नऊ पानं शांतपणे सोसली, चहा पाजला आणि मी चपला घालताना म्हणाली, "पोरी, आता तुझं सांग. तुला पगार किती?" मी हसून विषय टाळला. बावीस हजार होता. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, तरी तोंडातून निघेना. तिच्या घरात ज्वारी किती पायली आहे ते माझ्या कागदावर होतं आणि तिने विचारलेल्या एका प्रश्नाला मी उत्तर दिलं नव्हतं. जीप डांबरी रस्त्याला लागेपर्यंत मी गप्प होते.

ह्या प्रसंगामुळे मी परदेशी शिकायला गेले असं लिहिलं तर ते छान दिसेल. खरं कारण वेगळं. दिल्ली-मुंबईहून पाहुणे यायचे, बैठकीत 'लॉगफ्रेम' (प्रकल्पाची उद्दिष्टं आणि ती मोजायची मापं मांडलेला तक्ता), 'थिअरी ऑफ चेंज', 'इम्पॅक्ट' असे शब्द उडायचे, आणि कुठल्या गावात काम सुरू ठेवायचं, कुठलं बंद करायचं ते त्या शब्दांतच ठरून जायचं. आम्ही गावातली माणसं कोपऱ्यात बसून टिपणं घ्यायचो. मला त्या भाषेत भांडता यायला हवं होतं, एवढंच.

ससेक्स विद्यापीठाच्या आवारातल्या इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीजचं नाव मी आमच्याच एका प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत वाचलं होतं. गावाचा नकाशा गावकऱ्यांनीच जमिनीवर रांगोळीने काढायचा, बिया मांडून कुणाचं घर श्रीमंत कुणाचं गरीब ते त्यांनीच ठरवायचं, ही जी लोकसहभागी पाहणीची पद्धत आम्ही वापरायचो, तिच्या प्रसारात ह्या संस्थेचा मोठा वाटा. संस्था १९६६ची. विषयवार जागतिक यादीत विकास अभ्यासासाठी ससेक्स तेव्हा पहिल्या क्रमांकावर असायचं. गंमत अशी की माझ्या एका मैत्रिणीलाही तिथेच जायचं होतं, पण ती ज्या सरकारी शिष्यवृत्तीवर अवलंबून होती तिची अट होती विद्यापीठाच्या एकूण क्रमवारीची. विषयात पहिला नंबर असून चालत नव्हतं, सगळ्या विद्याशाखा मिळून नंबर वर हवा होता. ती दुसरीकडे गेली, विषयही बदलून.

मी चेव्हनिंगला अर्ज केला. ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती. किमान दोन वर्षांचा, म्हणजे त्यांच्या मोजणीने २,८०० तासांचा, कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. चार निबंध, तेव्हा प्रत्येकी जास्तीत जास्त पाचशे शब्द. नेतृत्वाच्या निबंधापाशी मी तीन आठवडे अडले. पहिल्या खर्ड्यात सगळीकडे 'आम्ही' होतं: आम्ही बंधारा बांधला, आम्ही बचत गट काढले. संस्थेत वाढलेल्या माणसाच्या जिभेवर 'मी' येतच नाही, आला तर शिष्टपणा वाटतो. इंग्रजीत एम.ए. केलेल्या एका दादाने तो वाचून विचारलं, "अगं, ह्यात तू कुठे आहेस?" मग एकेक 'आम्ही' खोडून 'मी' केला. बंधारा मी बांधला असं लिहिताना ज्यांनी खरोखर माती उचलली त्या बायका डोळ्यांसमोर येत होत्या. पण निवड झाली, तेव्हा खोटं बोलले असं म्हणत नाही.

व्हिसाच्या वेळी पारडं उलटलं. मुंबईला क्षयरोगाची तपासणी, छातीचा फोटो, मग ऑनलाइन अर्ज: वडिलांची जन्मतारीख, आईची जन्मतारीख, मालमत्ता काय, महिन्याचा खर्च किती, त्यातला घरच्यांवर किती. आता प्रश्न त्यांचे आणि उत्तरं माझी. वडिलांची जन्मतारीख १ जून १९७१, आईची १ जून १९७५. आमच्याकडे गुरुजींनी शाळेत नाव घालताना ज्यांना ज्यांना १ जून दिली ते सगळे माझ्या अर्जात इमानाने उतरले. ब्रिटिश अधिकाऱ्याला वाटलं असेल, ह्या मुलुखात माणसं एकाच दिवशी जन्मतात.

सप्टेंबर २०२२च्या शेवटी ब्रायटनला पोचले. राणी नुकतीच गेली होती, पौंड गडगडला होता आणि पंधरा दिवस सतत पाऊस. ब्रायटन समुद्राकाठी, विद्यापीठ तिथून रेल्वेने दहाएक मिनिटांवर फाल्मरला, हिरव्या टेकड्यांच्या कुशीत. पहिल्या महिन्यात मला कळलेली विकासविषयक गोष्ट म्हणजे घरभाडं. दुसरी म्हणजे एका भारतीय दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं, पण त्याची भाकरी थापताना फाटते. ऑक्टोबरच्या शेवटी ऋषी सुनक पंतप्रधान झाले तेव्हा गावाकडून चार जणांचे फोन आले: आता तुझं काम सोपं झालं, आपला माणूस बसला.

वर्गात मलावी, नेपाळ, कोलंबिया, जपान, केनिया अशा ठिकाणची माणसं. बहुतेकांनी माझ्यासारखीच वर्षानुवर्षं फॉर्म भरून घेतलेले. अभ्यासक्रम वर्षभराचा: शरद ऋतूतल्या सत्रात पाया, वसंतात आपल्या आवडीचे विषय, उन्हाळ्यात प्रबंध. पायाच्या वर्गात 'विकास' ह्या शब्दाचीच चिरफाड होते. जानेवारी १९४९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी शपथविधीच्या भाषणात जगातल्या 'अविकसित प्रदेशां'ना मदत करायचं जाहीर केलं, तिथून धागा धरायचा आणि शाश्वत विकासाच्या १७ उद्दिष्टांपर्यंत यायचं. त्या भाषणाने निम्म्याहून जास्त जग एका दिवसात अविकसित ठरलं, अशी एक मांडणी. मला ती पटायला वेळ लागला नाही. आमचा जिल्हा २०१८ मध्ये केंद्राच्या यादीत 'आकांक्षित जिल्हा' झाला होता. त्याआधी मागास होता. यादी आली त्या दिवशी गावात काहीच बदललं नव्हतं, फक्त आमच्या अहवालांतला शब्द शोधून-बदलून घ्यावा लागला होता.

ज्या व्याख्यानाने मी खरी हलले ते मात्र अगदी साध्या गोष्टीवर होतं. ह्याच संस्थेतल्या रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८०च्या आसपास मांडलेलं: बाहेरून खेड्यात जाणारा तज्ज्ञ म्हणजे एक प्रकारचा पर्यटक. तो डांबरी रस्त्याच्या कडेची घरं बघतो. पुढाऱ्यांशी, पुरुषांशी बोलतो. जिथे प्रकल्प चालू आहे तिथेच जातो. आणि कोरड्या दिवसांत जातो, कारण पावसाळ्यात गाडी रुतते. शेवटच्या वाक्याला मी पेन खाली ठेवलं. आमचं पाहणीचं वेळापत्रक दिवाळीनंतर सुरू व्हायचं आणि फेब्रुवारीला संपायचं. कारण विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, बायका कामात नसतात, रस्ता असतो, आर्थिक वर्षाच्या आत आकडे लागतात. पण आमच्याकडे घराघरात दाणे संपतात ते आषाढ-श्रावणात. पेरणीला पैसा गेलेला असतो, नवं पीक यायचं असतं, पोरं तापाने फणफणलेली असतात, किराणा उधारीवर. तेव्हा आम्ही कार्यालयात बसून डिसेंबरचे फॉर्म संगणकात भरत असायचो. आठवड्यात डाळ किती वेळा शिजते ह्या प्रश्नाचं उत्तर पाच वर्षं आम्ही सुगीत विचारत होतो.

पहिल्या निबंधाला ५६ गुण मिळाले. मला वाटलं काठावर वाचले. तिथे ५० ला उत्तीर्ण आणि ७० ला विशेष प्राविण्य, त्यामुळे ५६ म्हणजे अगदी बुडालेली नव्हते, हे शेजारच्या नेपाळी मुलीने समजावलं. शेरा असा होता की वर्णन छान आहे, पण तुमचा मुद्दा काय. अहवाल लिहून लिहून हात असा झाला होता की घडलं ते क्रमाने सांगायचं, सगळ्यांचे आभार मानायचे आणि अडचणी 'आव्हाने' ह्या मथळ्याखाली चार ओळींत उरकायच्या. मुद्दा मांडायचा म्हणजे कुणाशी तरी असहमत व्हायचं. निधी देणाऱ्याशी असहमत होऊन अहवाल लिहिलेला मी तरी कुणी पाहिलेला नाही. तिसऱ्या निबंधाला ६६ आले. त्यात मी १९१८च्या आंबेडकरांना आणलं होतं: भारतातल्या लहान शेतजमिनींवरचा त्यांचा लेख. जमिनीचे तुकडे लहान हा मूळ रोग नाही. भांडवल नाही, आणि जमिनीवर जगणारी रिकामी माणसं फार, त्यांना उद्योगांत काम मिळायला हवं, हा त्यांचा युक्तिवाद. नंतरच्या काळात छुप्या बेकारीचा जो सिद्धान्त विकासाच्या अर्थशास्त्रात गाजला, त्याच्या फार जवळचा, आणि कितीतरी आधीचा. मार्गदर्शिकेने लेख मागवून घेतला. त्या आठवड्यात लंडनला जाऊन किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरासमोर उभी राहिले. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहत, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. साधं, विटांचं घर. आत एक कुटुंब नागपूरहून आलं होतं, त्यांनी मला चिवडा दिला.

फेब्रुवारीत सामाजिक सुरक्षेचा विषय सुरू झाला. वाचनाच्या यादीत इथिओपिया, ब्राझील, बांगलादेश आणि मध्येच एक ओळ: महाराष्ट्र, १९७२-७३. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी त्या दुष्काळावर केलेला अभ्यास. मी ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर बसून तो वाचला. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पिकं सलग बुडालेली, धान्याची उपलब्धता भयंकर खालावलेली, तरी मोठा भूकबळींचा आकडा झाला नाही, कारण लोकांच्या हातात रोज मजुरी पडत होती; जगातल्या दुष्काळनिवारणाच्या अभ्यासात हे उदाहरण म्हणून शिकवतात. त्यातूनच पुढे वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि २००५ मध्ये देशाने तो कित्ता गिरवला. हे सगळं मला ढोबळ माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे की त्या ५० लाखांत आमची आज्जी होती.

म्हणजे माहीत होतं. बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी घरात होत्याच. पण त्या गोष्टी होत्या, आणि हे पान क्रमांकासह होतं. त्याच संध्याकाळी फोन लावला. तिकडे रात्र झालेली.

"आज्जी, बहात्तरला तू कामावर होतीस ना?"

"व्हते की. तुझा बाप पोटात व्हता. आधी खडी फोडली, मग पाझर तलावाची माती वाह्यली."

"खायला काय?"

"मिलो. लाल लाल ज्वारी, आमेरिकेची. भाकर काळी, घशाखाली उतरंना. पोरास्नी सुकडी द्यायचे. तू आता हे कशाला इचारतीस? तिकडं बी दुष्काळ पडलाय का?"

पुढे तिने खड्ड्याचं सांगितलं. माती काढताना खड्ड्याच्या मधोमध मातीचाच एक खांब तसाच ठेवायचा, न खणता. आठवडा संपला की मोजणीवाला येऊन त्या खांबाच्या उंचीवरून खोली धरायचा आणि त्यावर मजुरी. बायका रात्री येऊन त्या खांबाच्या माथ्यावर ओली माती थापायच्या, चार बोटं उंची वाढावी म्हणून. "मुकादमाला ठावं व्हतं. त्यो बी गरिबाचाच." मी वाचलेल्या एकाही लेखात ही चार बोटं नव्हती.

वडील पोटात होते म्हणजे त्यांचा जन्म १९७३चा. १ जून १९७१ असं मी ब्रिटिश सरकारला लिहून दिलं होतं. असो.

मिलो म्हणजे सोरघम, म्हणजे ज्वारीच. चर्चेच्या तासाला हे सांगितलं तेव्हा मलावीचा सहाध्यायी म्हणाला, आमच्याकडे मापिरा. त्याने तिथल्या मासाफ नावाच्या योजनेत रस्त्याची कामं पाहिली होती. आम्ही दोघं कॅन्टीनमध्ये तासभर मुकादमांच्या गोष्टी सांगत बसलो. त्याच्याकडेही मोजणीवाल्याला चकवायच्या युक्त्या होत्या, इथे लिहीत नाही. त्याला सगळ्यात नवल वाटलं ते पैशाचं. रोजगार हमीसाठी महाराष्ट्राने १९७५ मध्ये शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. त्या कराचा पैसा खेड्यातल्या मजुरीला, आणि सरकार त्यात आपली भर घालणार. मी मोबाइलवर माझी जुनी पगारपावती उघडून दाखवली: पी.टी., दोनशे रुपये. पाच वर्षं ती कपात मी मनातल्या मनात शिव्या देत बघितली होती. तो म्हणाला, आमच्याकडे असला पैसा बाहेरच्या देशांतून येतो, त्यांचं सरकार बदललं की आटतो. हे बोलणं हवेतलं नव्हतं. ब्रिटनने २०२१ मध्ये परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ वर आणली होती, आणि २०२२ मध्ये त्यातलाही चौथ्या हिश्शाहून जास्त पैसा ब्रिटनमध्येच, निर्वासितांच्या सोयीवर खर्च झाला. वर्गातल्या निम्म्या लोकांच्या पुढच्या नोकऱ्या त्या टक्क्यांत होत्या.

ग्रंथालयात आणखी एक गोष्ट हाती लागली. १९६३ मध्ये महाराष्ट्राने एक कायदा केला होता, राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन', म्हणजे दुष्काळ, हा शब्दच काढून टाकण्याचा. त्यापुढे कागदोपत्री टंचाई. म्हणजे १९७२ साली आमची आज्जी ज्या दुष्काळी कामावर माती वाहत होती तिथे कायद्याने दुष्काळ नव्हताच. मी ते कायद्याचं नाव वहीत तीनदा लिहिलं. मागास नाही, आकांक्षित. दुष्काळ नाही, टंचाई. मला वाटायचं, असले शब्द बनवण्याचं शास्त्र मी इथे शिकायला आले. ते तर आमच्या मंत्रालयात माझ्या जन्माच्या तीस वर्षं आधीपासून होतं.

प्रबंध ह्यावरच करायचा ठरला. आधी डोक्यात होतं, बहात्तरच्या कामांनी बायकांना काय दिलं. आज्जीनेच तो बिघडवला. मी विचारलं, तो पाझर तलाव अजून आहे का. ती म्हणाली, "हाय की. पानी खालच्या अंगाला उतरतंय. आमचं रान वरच्या अंगाला."

पाझर तलावाला कालवा नसतो. नाल्यावर मातीचा बांध घालून पावसाचं पाणी अडवायचं, ते जमिनीत मुरतं आणि बांधाच्या खालच्या बाजूच्या विहिरींना पाझरतं. तलाव सरकारचा, बांधला मजुरांनी, पण पाणी हाती येतं ते विहिरीतून, आणि विहीर ज्याच्या रानात त्याची. ज्याचं रान वर, त्याला काही नाही. ज्याला रानच नाही, त्याचा प्रश्नच येत नाही. रोजगार हमीवर टीका करणाऱ्यांनी हे कधीच लिहून ठेवलंय, मी काही शोध लावला नाही. पण ते वाचल्यावर मी आमचा नऊ पानी फॉर्म पुन्हा उघडला. त्यात एक रकाना होता: विहिरींच्या पाणीपातळीत सरासरी वाढ. ह्या आकड्यावर आम्ही तीन प्रकल्प मिळवले होते. सरासरी कुणाच्या विहिरींची? ज्यांना विहिरी आहेत त्यांच्या. शेळ्या, चूल, डाळ, कर्ज सगळं विचारलं होतं. पाणी कुणाच्या विहिरीत उतरलं हे नऊ पानांत कुठेच नव्हतं, आणि ती पानं बनवणाऱ्यांत मीही होते.

संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीचा अर्ज भरताना महिना गेला. माहिती कुठे ठेवणार, कुणाला धोका काय, संमती कशी घेणार, ओळख कशी लपवणार. सख्ख्या नात्यातल्या व्यक्तीची मुलाखत पुरावा म्हणून घेऊ नये असा सल्ला मिळाला, तेव्हा आज्जी बाद. तिला सांगितलं तर रुसली. "सगळं मीच सांगितलं आन् मलाच वगळलं?" संमतीपत्राचं मराठी करायला तीन रात्री गेल्या. 'आपण कोणत्याही क्षणी सहभाग मागे घेऊ शकता' हे वाक्य फोनवर ऐकून पहिल्याच बाई म्हणाल्या, "मागं कशाला घिऊ? बोलायला तर बसलेव."

नऊ जणी मिळाल्या, सगळ्या सत्तरीच्या आसपासच्या, एकाच पाझर तलावावर राबलेल्या. गावातल्या आशाताईंनी घरोघर फोन नेला, स्पीकर लावून धरला. पहिल्यांदा त्यांनी पैसे नाकारले, नंतर मी त्यांना दिवसाची मजुरी पाठवली. जुलै महिना. सकाळी सगळ्या खुरपायला जायच्या, म्हणून तिकडे संध्याकाळचे सात वाजायची वाट बघायची, म्हणजे इकडे दुपारचे अडीच. माझ्या खोलीच्या खिडकीबाहेर सीगल ओरडत असायचे, तिकडे पत्र्यावर पाऊस. एका बाईंनी मध्येच विचारलं, "तुझ्याकडं कोंबडं लई आरडतंय."

बायकांना मजुरी किती मिळायची ते नीट आठवत नव्हतं, आणि तो माझा पहिला प्रश्न होता. आठवत होतं ते दुसरंच. कोण कुणासोबत पाटी उचलायची. कुणाचं बाळंतपण कामावरच झालं. आणि सगळ्या नऊ जणींना, न विचारता, खालच्या अंगाच्या विहिरी नावानिशी पाठ होत्या. अमक्याची विहीर, तमक्याची विहीर, ह्याला पहिल्यांदा ऊस आला, त्याने इंजिन बसवलं, त्याच्याकडे आता आम्ही खुरपायला जातो. नवांपैकी सात जणी आपण बांधलेल्या तलावाच्या पाण्यावरच्या उसात पन्नास वर्षं मजुरी करत होत्या. त्यांच्या बोलण्यात राग फारसा नव्हता. एकीने उलट मलाच समजावलं: तलाव नसता तर ती खुरपणीही नसती. हा मुद्दा मला प्रबंधात नीट मांडता आला नाही, आजही येत नाही. मार्गदर्शिकेने तिथे समासात फक्त एक रेघ मारली होती.

दहा हजार शब्द ऑगस्टअखेर दिले. गुण बरे पडले. मधल्या काळात जिल्ह्याचं नाव बदलायचं चालू होतं. फेब्रुवारीत शहर धाराशिव झालं, प्रबंध दिल्यावर पंधरा-वीस दिवसांत जिल्हाही. म्हणून माझ्या प्रबंधातला जिल्हा आता नकाशावर नाही.

परत येऊन मी जुन्याच संस्थेत रुजू झाले. 'लॉगफ्रेम' मला आता येते, आणि कुठे भांडायचं तेही थोडं कळतं. पहिल्या बैठकीत मी म्हटलं, फॉर्ममध्ये विहिरीच्या मालकाचं नाव घालू, आणि एक फेरी श्रावणात करू. पहिली गोष्ट मान्य झाली. दुसरीवर गाडीच्या टायरचा मुद्दा निघाला.

डिसेंबरात प्रबंधाची बांधलेली प्रत घेऊन गावात गेले. आज्जीचं नाव ऋणनिर्देशात आहे, ते बोटाने दाखवल्यावर तिचा रुसवा गेला. तिने प्रत पिशवीत घालून ट्रंकेत ठेवली. मग आशाताईंबरोबर त्या नऊ जणींकडे. संमतीपत्रात निष्कर्ष सांगीन असं कबूल केलं होतं, ते सांगत हिंडले. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, हे तर आम्हीच तुला सांगितलं.

सातव्या बाई तेवढ्या वेगळ्या. त्यांनी प्रत मांडीवर घेतली, पानं उलटली, इंग्रजी अक्षरांवरून हात फिरवला. "ह्यात माझं नाव कुटंय?"

मी चौथं प्रकरण उघडून त्यांचं बोलणं जिथे उतरवलं होतं ती ओळ दाखवली. शेवटी लिहिलं होतं: सहभागी ७. नाव का घालायचं नसतं ते समजावून सांगितलं. खालच्या अंगाच्या विहिरीवाल्यांनी वाचलं आणि उद्या तुमचं खुरपणीचं काम बंद केलं तर, वगैरे.

त्यांनी शांतपणे ऐकलं.

"सात लंबर," त्या म्हणाल्या. "हजेरीपटावर तरी नाव व्हतं."